'गा'वरची मात्रा

माझ्या ताईचं नाव गोदावरी. बाबा संस्कृत शिकवायचे. ते सांगायचे, 'गो' म्हणजे गाय आणि पाणीही. ते देणाऱ्यांत श्रेष्ठ ती गोदावरी. शाळेत पोरी तिला 'नदी' म्हणून चिडवायच्या. ती म्हणायची, "मग लांब उभ्या राहा."

तिचं लग्न ठरलं आणि हडपसरहून सासूबाईंचा निरोप आला: नाव जुनाट आहे, लक्ष्मीपूजनात 'गार्गी' ठेवू. गार्गी उपनिषदातली, ती काय काल जन्मली? माझं डोकं फिरलं. मला मोर्च्यांची पत्रकं लिहायची सवय, म्हणून उत्तरादाखल आमच्या नात्यातल्या थोर गोदावऱ्या गोळा करायला बसले. बाबांची आत्या बुधवार पेठेत पुस्तकांचं दुकान एकटीने चालवायची. जन्माची गोदावरी, सासरी लक्ष्मी झाली. आईची मावशी सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, सगळ्यांची गोदाक्का. पण ती माहेरची चंद्रा. म्हणजे आमच्यात गोदावरी एक तर लग्नात पुसतात, नाहीतर लग्नात घडवतात. पाळण्यापासून सरणापर्यंत गोदावरीच राहिली अशी एक बाई नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी राहते. पण कार्यालयात तू भाषण करायचं नाहीस."

तांदळाचं ताट आलं तेव्हा मी ओठ चावत उभी होते. भावजींच्या हातात सोन्याची अंगठी; त्या अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं.

"लिही रे," सासूबाई म्हणाल्या. "नाव सासरच्यांनीच ठेवायचं असतं."

"नावं तर तुम्ही मला बघायला आलात तेव्हापासून ठेवताय, आई," ताई म्हणाली. "हे एक राहू द्या."

मागे कोणीतरी खुसकन हसलं. भावजी 'गा' लिहून आपल्या आईकडे बघत थांबले. ताईने त्यांच्या हातातली अंगठी घेतली, 'गा'वर एक मात्रा ओढली आणि पुढे 'दावरी' लिहिलं. गुरुजींना दुसरं लग्न गाठायचं होतं. त्यांनी मंत्र पुढे रेटले.

सासूबाई तरी गार्गीच म्हणत राहिल्या. ताई ओ देईना. त्यांनी आमच्या आईला फोन केला, "हिच्या कानांचं काही आहे का हो?" आता तोडगा निघालाय: 'अगं ए'.

ताई म्हणते, "गार्गी गेली ना, बास."

मला बास होत नाही. परवा हडपसरला गेले, तर जिन्यातूनच, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "गोदावरी!" जन्मात कधी तिला ताईशिवाय काही म्हटलं नव्हतं.

दार सासूबाईंनी उघडलं. माझ्याकडे बघत आत ओरडल्या, "अगं ए, तुझी बहीण आलीय."