कुलूपवाल्याच्या घरातलं कपाट

रुसलेलं कुलूप कुलूपवाल्याच्या दुकानी आलं की मुकाट्याने उघडायचं. लोक थट्टेने म्हणत, याला स्वर्गाचं दार उघडायला सांगा, आधी तेलाची बाटली मागेल.

पण बायको इस्पितळातून घरी आली आणि या गड्याची मती गुंग झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मनाचं दुखणं आहे. मरावंसं वाटण्याची लाट येते तशी ओसरतेही. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नको. घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा."

"कुलपाचं माझ्यावर सोडा, बाई," तो म्हणाला. तेवढंच एक त्याला जमण्यासारखं होतं.

जुनी-नवी सगळी औषधं लोखंडी कपाटात गेली. दुकानातलं सर्वांत चिवट कुलूप लागलं. किल्ली गळ्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला येतो तो काय, कपाट सताड उघडं. बायको समोर जमिनीवर बसलेली, मांडीवर वाकवलेली तार. गोळ्या मोजताना दोनदा चुकला. एकही कमी नव्हती.

"घेतल्या नाहीत," ती म्हणाली. "अहो, तीस वर्षं दुकानात तुमच्या शेजारी बसले. अडलेलं कुलूप कुणापुढे सरकवायचात?"

खरंच होतं ते. गिऱ्हाइकं उस्ताद म्हणत याला, आणि बोटं हिची. जगाला ठाऊक नव्हतं ते ठीक, पण हा पठ्ठ्याच विसरला होता.

"याहून भारी लावतो."

"लावा. आज उघडता उघडता तास गेला, तेवढ्यात मनातलं जरा निवळलं. आता त्या कुलपाशी ओळख झालीय. पुढच्या खेपेला तास लागायचा नाही."

"मग मी करू तरी काय गं?"

"घरातच ठेवू नका."

त्याने सगळं पिशवीत कोंबलं, तिचा हात धरला आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेला. "हे तुझ्याकडे ठेव. रोज एका दिवसापुरतं दे. मी येईन न्यायला."

"तुमच्या घरी कुलपं संपली की काय?" औषधवाला हसला. मग दोघांचे चेहरे बघितले आणि पिशवी आत घेऊन गेला.

घरी आल्यावर ती दारातच थबकली.

"आता काही उरलं नाही ना?"

"नाही."

"परत बघा."

त्याने दुकान बंदच ठेवलं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीपासून एकेक डबा खाली काढून तो पुन्हा बघायला लागला. ती उंबऱ्यावर बसून त्याच्या हातांकडे बघत राहिली.