घासलेलं तांबं

दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चार वर्षं देखभाल विभागात होते. माझं काम उष्णता बघायचं. यंत्र बंद पडण्याआधी कुठेतरी तापतं, आणि माझ्या हातातला कॅमेरा ते तापणं रंगांत दाखवायचा. गार ते निळं, तापलेलं पिवळं, फारच तापलं की पांढरं. महिन्यातून एकदा मोटारींवरून, विजेच्या पॅनेलांवरून तो फिरवायचा, आकडे लिहायचे आणि खाली सही करायची. माझ्या सहीवर सगळं ठरायचं, आणि मला त्याची चांगलीच घमेंड होती.

माझ्याबरोबर आमचे वायरमन काका असायचे. मूळचे वणीकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांची पद्धत माझ्या कॅमेऱ्यापेक्षा जुनी. पॅनेलच्या बंद दाराला उजव्या हाताची मागची बाजू लावायची, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी, मग वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. मी त्यांना ‘वैद्यबुवा’ म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, “तुमचं यंत्र शिकलेलं हाय मॅडम, आमचा हात अडाणी.”

भाद्रपदात मुख्य पॅनेलमधला एक जोड तापायला लागला. सगळ्या कारखान्याची वीज तांब्याच्या तीन जाड पट्ट्यांवरून आत येते, त्यातल्या मधल्या पट्टीचा जोड. कॅमेऱ्यात ब्याण्णव अंश, शेजारचे दोन पन्नासच्या आसपास. काकांनी हे माझ्या आधी आठ दिवस हात लावूनच सांगितलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण मला आरसाच लागायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चकचकीत धातू कॅमेऱ्याला फसवतो. घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यात चहा उकळत असला, तरी कॅमेऱ्यात ते पातेलं गार दिसतं. त्याचं काजळलेलं बूड मात्र खरं सांगतं. म्हणून आम्ही तांब्याच्या पट्टीवर जोडाशेजारी काळ्या टेपचा तुकडा चिकटवतो आणि तापमान त्या तुकड्यावर मोजतो. मी तिन्ही पट्ट्यांवर असे तुकडे लावले तेव्हा काकांनी विचारलं होतं, “हे काळं कशापायी?” मी म्हणाले, “कामाचं आहे काका, तुम्ही नका डोकं शिणवू.” दोन मिनिटं लागली असती सांगायला. ती मी दिली नाहीत.

जोड पूर्ण खोलून आतले भाग बदला, असं मी लिहून दिलं होतं. सुटे भाग वेळेत आले नाहीत. व्यवस्थापकांनी खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी चार तास वीज बंद करून दिली, तेवढ्यात बोल्ट आवळून झाले. दसऱ्यानंतर द्राक्षांच्या हंगामाची मागणी सुरू होणार होती, सगळ्यांना घाई होती आणि मलाही. माझ्या घरी घट बसलेले, पाहुणे आलेले. बोल्ट आवळले गेलेले बघून मी निघाले.

मी गेल्यावर, वीज अजून बंद असतानाच, काकांनी आणि दोघा कामगारांनी तेच पॅनेल पूजेसाठी साफ केलं. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. पूजेचं यंत्र मळकं ठेवतात का कुणी? त्यांनी पट्ट्यांवरचे काळे तुकडे सोलले, डाग थिनरने काढले आणि तांबं पॉलिश पेपरने घासून देव्हाऱ्यातल्या तांब्या-पळीसारखं उजळलं.

सोमवारी कारखाना नेहमीसारखा चालू असताना मी कॅमेरा धरला. एकेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस. तिन्ही जोड तिळ्या भावंडांसारखे. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण चालू पॅनेल इतकं शहाणं कधी वागत नाही. पण मी पडद्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलंच नाही. काकांनी सवयीने दार लावून हात टेकवला आणि म्हणाले, “मॅडम, अजून लय ऊब हाय इथं.” मी त्यांच्यापुढे पडदा नाचवला. “वैद्यबुवा, बघा, एकेचाळीस. रोगी बरा झाला.” काका आकड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “मग मलाच ताप असंल.” मी हसले आणि अहवालावर ‘सामान्य’ लिहून सही केली.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, साडेसहाला, गंगापूर रोडवरच्या घरात चहा पिता पिता मी फोन उघडला. काकांनी दसऱ्याच्या शुभेच्छांबरोबर एक फोटो पाठवला होता. पूजेआधी, शनिवारी, दार लावण्यापूर्वी काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘आपलं पॅनेल.’ तीन पट्ट्या सोन्यासारख्या चमकत होत्या. काळा तुकडा एकही नव्हता.

म्हणजे सोमवारचे आकडे खोटे होते. सात वाजता पहिली पाळी, आणि आज सगळी यंत्रं एकदम चालू होणार होती.

काकांना फोन लावला. वाजत राहिला. कामगारांचे फोन गेटवर जमा करून घेतात हे मला ठाऊक होतं, तरी मी पाच वेळा लावला. मग गेटवर लावला. रखवालदार म्हणाला, “मॅडम, मी एकलाच हाय, गेट सोडता येत नाय. साहेबांना सांगा.” साहेबांना, म्हणजे व्यवस्थापकांना, लावला. ते शांतपणे म्हणाले, “परवा तर तुम्हीच सामान्य लिहून दिलंत. तुमच्या सहीवर विश्वास ठेवू की फोनवर?” मी ओरडले, हात जोडते म्हणाले, माझी चूक झाली म्हणाले. “या तुम्ही, बघू,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

स्कूटर कशी काढली आठवत नाही. मखमलाबाद नाक्यावर सिग्नल तोडला. मार्केट यार्डासमोर टोमॅटोच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या आणि मी हॉर्नवर अंगठा दाबून रडत होते. मी देव न मानणारी बाई. त्या रस्त्यावर मी सप्तशृंगीला हाका मारल्या, नवस बोलले, काका पॅनेलपाशी नसू देत, दुसरीकडे कुठेही असू देत म्हणून. कारखाना जळाला असता तरी मला चाललं असतं.

मी पोचले तेव्हा गेट सताड उघडं होतं आणि आतला सगळा आवाज थांबलेला होता. सव्वासातलाच काकांना वास आला होता. त्यांनी दाराला हात लावला, बाकीच्यांना मागे सरकवलं आणि आत काय झालंय ते बघायला दार उघडलं. त्याच क्षणी आगीचा लोळ उठवत जोड फुटला. ते बाहेर ओट्यावर बसले होते. उजवा हात त्यांनी कुणाला लागू नये असा पुढे धरला होता. चेहऱ्याची एक बाजू मला बघवली नाही.

दवाखान्यात मी दोनदा जाऊन लिफ्टपासून परत आले. तिसऱ्यांदा आत गेले आणि सगळं सांगितलं. टेप कशासाठी होती, मी काय सांगायला हवं होतं, त्या सोमवारी त्यांचा हात खरा होता आणि माझा आकडा खोटा. काकांनी ऐकून घेतलं. त्यांची दोन बोटं तोवर काढून टाकली होती. “मॅडम, तुम्हाला अजून लय नोकरी करायचीये,” ते म्हणाले. “माझी काय, दोन वर्षं ऱ्हायली. रडू नका.”

चौकशी महिन्याभराने झाली. मी बोलणारच होते. आदल्या दिवशी घरी वाक्यं म्हणून बघितली होती. खोलीत तीन अधिकारी, टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पट्टी बांधलेले काका. पहिला प्रश्न त्यांना विचारला गेला, टेप कुणी काढली. काका म्हणाले, “मी काढली. मॅडमनी बजावून सांगितलं व्हतं, हात लावू नका म्हणून. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नाय.”

असं मी कधीच सांगितलं नव्हतं. त्या खोलीत हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. काका माझ्याकडे बघत नव्हते.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, पान उलटलं आणि माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही तशी सूचना दिली होती?”

“हो,” मी म्हणाले.