जिताड्याची खवलं

मी आज जे काम करतो, ते करमाळ्याच्या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मोरे सरांमुळे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज बघितलं नव्हतं. आर्ट कॉलेजसाठी वडिलांना सरांनीच राजी केलं.

बेलापूरच्या एजन्सीत मी आर्ट डायरेक्टर आहे. म्हणजे जाहिरात कशी दिसेल ते ठरवणारा. समुद्रातल्या प्लास्टिकविरुद्धच्या कॅम्पेनचं डिझाइन पास झालं होतं: खाडीतला मोठा जिताडा मासा, पोटात पिशव्या. प्रिंटिंगचा विषय निघाला आणि मी अडून बसलो.

"फ्लेक्स नको, मॅडम. वाढदिवसाला चौकात लागतं ते चकचकीत बॅनर. तेही प्लास्टिकच. आपलंच बॅनर उद्या खाडीत जाणार."

"मग कशावर?" बॉस शिंदे मॅडमनी विचारलं.

"कापडावर. हाताने रंगवून."

क्लायंटचे राणेसाहेब हसले. "खाडीचा वारा बघितलायस? चिंध्या होतील. जेट्टीवर एक लावून दाखव. रविवारच्या कार्यक्रमापर्यंत टिकलं तर सगळी कापडी. नाहीतर फ्लेक्स, आणि काम दुसऱ्या एजन्सीला."

"आता टेन्शन तुझं," मॅडम म्हणाल्या. पण रंगवायला पावणे एमआयडीसीतली ओळखीची शेड त्यांनीच मिळवून दिली.

पहिलं बॅनर दुपारीच फाटलं. वाऱ्याने शिडासारखं फुगलं आणि कोपरा गेला. शेजारी जाळं सांधत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काय रं पोरा, बोट चालवाची हाय का?"

फाटका कोपरा गुंडाळताना सर आठवले. जत्रेची कापडी बॅनर रंगवून झाली की ते ब्लेडने त्यांना अर्धगोल काप देत. वारा आरपार जातो, कापड टिकतं.

"क्लायंटने पास केलेल्या माशाला भोकं पाडणार?" मॅडम दचकल्या.

"भोकं नाहीत. खवलं."

जिताड्याची खवलं मोठी असतात. दुसरं बॅनर रंगवलं, प्रत्येक खवल्याच्या कडेवर एक काप दिला, कापाची टोकं शिवून घेतली.

रविवारी वारा जोरात होता. खवलं उचलायची, मिटायची. मासा धापा टाकतोय असं वाटत होतं. मावशी जाळं सोडून उभ्या राहिल्या. "अरं, हलतंय बग त्यो!"

राणेसाहेबांनी एका कापाची शिवण ओढून बघितली. मग म्हणाले, "फ्लेक्स कॅन्सल."

तेव्हापासून डिझाइन काढण्याआधी मी विचारतो, हे लागणार कशावर आणि तिथे वारा किती.

त्याच आठवड्यात सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. बॅनरचा फोटो पाठवतोय. तुम्ही रंगवलेल्या कापडाला ब्लेड लावायचात, तेव्हा मला रडू यायचं. आता कळलं. ही आयडिया कुठल्या कॉलेजात शिकलास, असं साहेबांनी विचारलं. जत्रेत, म्हणालो. शिवण जरा वाकडी आलीय, ती मात्र माझी.
तुमचा, बाळू."