हँडलची बैलजोडी

आमच्या वस्तीवरून तिसगावला जाताना एक लांब उतार लागतो. उतार संपता संपता रस्ता डावीकडे वळतो, आणि त्या वळणाच्या जरा अलीकडे दादांच्या मोटरसायकलचं हँडल नाचायला लागायचं. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही घरात त्यांना दादाच म्हणतो. हँडल एका बाजूला ओढायचं नाही. गहू चाळताना चाळण हलते तसं ते डावी-उजवीकडे थरथरत राहायचं. दादा एकटे असले तर थोडं कमी. मागे आई बसली की जास्त, कारण मागचं वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं.

आणि आई मागे बसायची ती रविवारी. ती तिसगावच्या आमच्या चर्चच्या गायनमंडळात आहे. आठवडाभर घर, जनावरं आणि शेत यांतून तिला सरावाला वेळ मिळत नाही, म्हणून सरावाची जागा म्हणजे मोटरसायकलची मागची सीट. साडी सावरून, पाय एका बाजूला टाकून ती बसायची आणि वस्ती सुटली की त्या दिवशीचं गीत म्हणायला लागायची. सुरुवातीला पुटपुटल्यासारखं, मग मोकळ्या रानात आवाज चढवून. दादांना गाता येत नाही, पण सगळी कडवी त्यांना पाठ आहेत. ‘माझी निम्मी उपासना रस्त्यातच होती,’ असं ते म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी हँडल एवढं नाचलं, की आईने धरलेल्या दादांच्या शर्टाचं बटणच तुटून आलं. दादांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. कोणाला काही लागलं नाही. पण आई उतरली, बटण दादांच्या हातावर ठेवलं आणि तिसगावपर्यंत चालत गेली. पुढच्या रविवारपासून ती वस्तीवरून भाडं घेणाऱ्या जीपने जाऊ लागली.

मी सुप्याला कारखान्यात नोकरी करतो, केडगावला खोली घेऊन राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. त्यामुळे मला ते दृश्य दर रविवारी दिसायचं. पुढे खच्चून भरलेली जीप, तिच्यात कुणाच्या तरी मांडीवरची पिशवी सांभाळत बसलेली आई, आणि मागे रिकाम्या सीटची मोटरसायकल घेऊन दादा. वरातीत नवरदेव घोड्यावर असावा आणि नवरी दुसऱ्याच गाडीत असावी, तसं. जीपमध्ये गाता येत नव्हतं. नाताळ जवळ आला होता आणि आईला त्या वर्षी एक गीत एकटीने म्हणायचं होतं.

दादा मला फोनवर म्हणाले, “तू एवढा शिकलास. ह्या हँडलाला काय औषध हाय का बघ. न्हाईतर तुजी आई नाताळात बी त्या जीपमदीच बसनार.”

ही मोटरसायकल आमच्या घरात आली ती माझ्या शिक्षणासाठी. मी तालुक्याच्या कॉलेजात गेलो तेव्हा दादांनी ती जुनी विकत घेतली, आणि दर सोमवारी पहाटे मला त्याच उतारावरून तिसगावच्या स्टँडवर सोडलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पदवीचा कागद माझ्या नावाचा असला, तरी तो त्या मागच्या सीटवर बसूनच मिळाला, हे मी विसरू शकत नाही. त्यामुळे ती सीट रिकामी जाताना बघणं मला जड जात होतं.

आधी साधे इलाज केले. पुढचा टायर बदलला, चाकाच्या तारा आवळून घेतल्या, बेअरिंग बघितल्या, हँडल ज्याच्यावर फिरतं तो कोनसेट नवा टाकला. थरथर कमी झाली, गेली नाही. गॅरेजवाल्याने चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोरी लावून बघितली आणि सांगितलं, आधीच्या मालकाने कधीतरी गाडी ठोकलेली दिसते, किंचित बाक आहे. जाणार नाही.

उत्तर सापडलं आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिथल्या दाराला वर तेलाचा दट्ट्या बसवलेला आहे. माळावरून कितीही वारा आला तरी दार धाडकन आपटत नाही, सावकाश मिटतं. पोह्यांची प्लेट हातात धरून मी त्या दाराकडे बघत राहिलो. हँडलला असंच काही लावलं तर? ते वळेल, पण त्याला नाचता येणार नाही. शर्यतीच्या गाड्यांना असं उपकरण लावतात, त्याला स्टिअरिंग डॅम्पर म्हणतात, हे मला वाचून माहीत होतं. पण ते विकत घ्यायचं म्हणजे आमच्या अख्ख्या गाडीपेक्षा त्या नळीचाच भाव जास्त. घरीच करायचं ठरवलं.

तिसगावात माझ्या शाळेतल्या मित्राचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या दुकानामागे एक जुनी स्कूटर गंजत पडली होती. तिचा पुढचा शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारा तेलाचा दट्ट्या, मी मागितला.

“इंजिनिअरसाहेब, शॉकअप घेऊन काय करनार? दाराला तोरन लावनार का?”

“हँडलला लावायचाय.”

“हँडलला? मंग चाकाला काय, कंदील लावनार?”

हसत हसत त्याने शॉकअप काढून दिला. आम्ही त्याची स्प्रिंग काढून टाकली. उरली तेलाची नळी आणि तिच्यातून आत-बाहेर होणारा दांडा. विहिरीच्या पाइपला लावतात त्या दोन क्लिपा घेतल्या. एक पुढच्या फोर्कच्या वरच्या, हँडलबरोबर वळणाऱ्या पण खड्ड्यात वर-खाली न होणाऱ्या नळीला आवळली, दुसरी खाली चेसीला पक्क्या असलेल्या लेगगार्डला. धातूवर धातू घासू नये म्हणून मधे सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. नळी मुद्दाम तिरकी ठेवली, कारण आडवी ठेवली तर आतल्या तेलात हवा शिरते. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. दांडा कुठेही टेकत नव्हता. टेकला असता तर ऐन वळणात हँडल अडकलं असतं, म्हणून हे मी परत परत पाहिलं.

गाडी घरी आणली. दादांनी अंगणात बसून नळीवर बोट फिरवलं, किक मारली आणि वस्तीच्या रस्त्यावर गेले. परत आले ते तोंड वाकडं करून.

“डावीकडं झटक्यात वळती. उजवीकडं रुसती.”

“नवीन आहे दादा, सवय होईल.”

“मला व्हईल रे. गाडीला कशी व्हनार?”

मी स्वतः चालवून पाहिली. खरंच, थरथर कमी होती, पण गाडी सारखी डावीकडे कलत होती. आई ओट्यावर लसूण सोलत आमचा खेळ बघत होती. ती म्हणाली, “बाप-लेकानं एकच बैल जुंपलाय जनू. गाडी वढ्यात न्हेनार तुमी.”

त्या वाक्याने मी दादांकडे बघितलं आणि दादांनी माझ्याकडे. मी नळीची वरची क्लिप सोडली आणि दांडा हाताने ओढून पाहिला. बाहेर ओढताना जड, आत ढकलताना अगदी हलका. मला माझंच हसू आलं. कँटीनचं दारही उघडताना हलकं असतं, मिटताना जड. पोहे खाताना मी त्याचं मिटणं तेवढं बघितलं होतं. आमची नळी डाव्या बाजूला होती. हँडल उजवीकडे वळलं की ती ओढली जायची आणि अडवायची, डावीकडे वळलं की सरळ सोडून द्यायची. उजव्या बाजूला तशीच दुसरी हवी होती, म्हणजे कुठेही वळा, दोन्हींतली एक धरून ठेवणार.

“जोडीच लागती म्हना की,” दादा म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू होतं.

स्कूटरला पुढे शॉकअप एकच असतो. त्यामुळे मित्राला दुसरी भंगार स्कूटर शोधावी लागली, आणि पुढच्या शनिवारी ती पाथर्डीच्या बाजूला सापडली. दुसरी नळी जरा ढिली निघाली. तिच्यातलं तेल बदलून घट्ट तेल भरलं, तेव्हा कुठे दोन्ही सारख्या ताकदीच्या झाल्या. मित्राने ती बसवून दिल्यावर दादांनी बजावलं, “आता ह्यांची बाजू बदलू नगा. डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुंपला की बिचकतो.” नळ्यांना बाजू बदलल्याने काही फरक पडला नसता. पण मी मान डोलावली, आणि मित्राने गंभीर चेहऱ्याने खडूने एकीवर ‘डावा’ आणि दुसरीवर ‘उजवा’ असं लिहिलं.

त्याच संध्याकाळी मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधून मी उतारावरून गाडी नेली. वळणाच्या अलीकडे हात आपोआप आवळले गेले. हँडल एकदा शहारल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. मी परत वर गेलो, परत उतरलो. मग दादा गेले. आले तेव्हा चेहरा उजळला होता, पण लगेच म्हणाले, “पोतं घाबरलं न्हाई खरं. पन पोतं गात बी न्हाई. तिचं काय?”

तिचं काय, हे दुसऱ्या दिवशी कळणार होतं. तो नाताळाआधीचा शेवटचा रविवार. आई तयार होऊन, गीतांचं पुस्तक पिशवीत घालून अंगणात आली. दादा गाडी पुसून उभे होते. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

“बसतीस का?” दादांनी विचारलं. बाजारात भाव विचारावा इतक्या सहज विचारलं, पण फडकं त्यांच्या हातात पिळलं जात होतं.

आईने दोन्ही नळ्यांकडे बघितलं. खडूची अक्षरं वाचली. “ह्यातला तुमी कोनता?”

“तू म्हनशील तो.”

जीपचा हॉर्न परत वाजला. आई म्हणाली, “आज नाचली तर मी उतरनार, आनि परत कदी बसनार न्हाई. सांगून ठिवते.”

“व्हय.”

ती बसली. मी धावत जाऊन जीपमधल्या तिच्या जागेवर बसलो. ड्रायव्हर म्हणाला, “आज मावशी बदलून आली वाटतं,” आणि सगळी जीप हसली.

मोटरसायकल आमच्या पुढे होती. जीपच्या खडखडाटात मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी आईच्या हाताकडे बघत होतो. उताराला लागताना तो हात दादांच्या शर्टाला मुठीत धरून होता. दादांनी वेग मुद्दाम कमी केला नव्हता. वळण जवळ आलं. माझ्या शेजारच्या आजींचा खांदा मी किती जोरात धरलाय, हे त्यांनी माझा हात बाजूला केला तेव्हा मला समजलं. गाडी वळणात शिरली, जराही न थरथरता, शेतातल्या तासासारखी एका रेषेत, आणि पलीकडे गेली.

वळणानंतर आईची मूठ सुटली. हात दादांच्या खांद्यावर सपाट आला. मग तो उचलला, पडला, उचलला, पडला. ती ताल धरत होती.

चर्चच्या आवारात पोचलो तेव्हा दादा गाडी स्टँडवर लावत होते. ऐन थंडीत त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. आईने पदर सारखा केला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि जाता जाता मागे वळून म्हणाली, “जाताना बी अशीच चालवा. दुसरं कडवं अजून कच्चं हाय.”

ती आत गेल्यावर दादांनी वाकून आधी डाव्या नळीवर आणि मग उजव्या नळीवर थाप मारली, लांबच्या बाजाराहून आलेल्या बैलांना मारतात तशी.