गंगव्वाच्या डोहावरची मारामारी

भालकी तालुक्यात मांजरा नदीच्या काठावर आमची मासेमारांची थोडी घरं. आखाड-श्रावणात मासे डोहात अंडी घालतात, म्हणून तेव्हा तिथं जाळं टाकायचं नाही, ही आमची जुनी रीत. गंगव्वाला, म्हणजे नदीच्या देवीला, खण-नारळ वाहायचा आणि वरच्या उथळ पाण्यात मिळेल ते धरायचं.

आखाडातल्या एका सकाळी मी काठावर जाळ्याचा गुंता सोडवत बसले होते. माझी थोरली बहीण, अक्का, हरगोल घेऊन पलीकडं चालली होती. हरगोल म्हणजे आमची टोपलीसारखी गोल नाव. एवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. तिघं उतरले, खडकावर गेले आणि जिलेटीनची कांडी पेटवून डोहात फेकली.

पाणी उंच उडालं. मग मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. अंड्यांनी भरलेली एक मरळ मधोमध फाटली होती.

"कामून मारायलाव रे? पोटुशी हायत ती!" अक्का ओरडली आणि हरगोल त्यांच्याकडं वळवला.

"नदी तुझ्या बापाची हाय का?" म्हणत एकानं दुसरी कांडी थेट तिच्याकडं फेकली.

हरगोल उलटला. अक्का वर आली तेव्हा तिच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं, पण वल्हं हातातच होतं. खडकावर चढून तिनं कांडी फेकणाऱ्याच्या हातावर असा तडाखा घातला, की हाड मोडलेलं मला काठावरून ऐकू आलं. दुसऱ्यानं दगड उचलून तिच्या डोक्यात घातला. मी धावले आणि त्याच्यावर जाळं फेकलं. जाळ्याला बांधलेल्या शिशाच्या गोळ्या त्याच्या तोंडावर बसल्या, तो गुरफटून पडला. तिसरा जीपकडं पळाला. घराघरांतून बाया काठ्या घेऊन आल्या. मीही मारत होते. जाळ्यातला तो "सोडा माय, सोडा" म्हणत होता, आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं.

शेवटी आमचे वडील, अप्पा, त्याच्यावर आडवे पडले. "बस्स करा! ह्यो मेला तर तुम्ही जेलात जाताव!"

पोलिसांनी दोन्हीकडच्यांवर केस घातली, ती अजून चालू आहे. अक्काच्या डोक्याची जखम भरली, कान मात्र कायमचे गेले. बोलता बोलता ती मध्येच विचारते, "मी वरडायलेय का गं?" मी मान हलवून न्हाई म्हणते.

ती माणसं पुन्हा आली नाहीत. पुढच्या आखाडात दुसरी आली. आता त्या दोन महिन्यांत आम्ही बाया पाळीपाळीनं डोहावर बसतो.