खिसा क्रमांक पाच

आमच्या घरातील सर्वांत शिस्तबद्ध वस्त्र कधीही धोब्याकडे गेले नाही, कारण ते देण्यापूर्वी रिकामे करण्यास अर्धा दिवस लागत असे.

ते वस्त्र म्हणजे अण्णांची डांगरी, आणि अण्णा म्हणजे माझे वडील. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत त्यांनी सारी नोकरी केली. गाडीखाली शिरताना घालायचा, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध असा तो हिरवा पोशाख त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. आई गेल्यावर ते बिबवेवाडीला आमच्याकडे राहायला आले, ते दोनच नग घेऊन : एक काळी लोखंडी ट्रंक आणि ही डांगरी. (ट्रंकेत पन्नास वस्तू होत्या. डांगरीत त्याहून अधिक!)

डांगरीची थोरवी तिच्या खिशांत होती. छातीवर दोन, बाहीवर पेन्सिलीपुरता एक, मांड्यांवर दोन ऐसपैस, पोटरीवर पान्यासाठी एक... प्रत्येकाला झाकण, झाकणाला बटण. अण्णा मार्केट यार्डात जात ते पिशवी न घेता.

"पिशवी घेतली की एक हात गेलाच कामातून," ते म्हणत, आणि दोन्ही मांड्यांवर अर्धा-अर्धा किलो लिंबे घेऊन ताठ मानेने परत येत.

"लिंबं उतरवून घ्या हो, सैन्य परत आलंय," आमचे यजमान वर्तमानपत्र खाली न करता म्हणत. ते बँकेत होते. त्यांच्या शर्टाला एकच खिसा असे आणि त्यातही काही नसे.

त्या वर्षी अण्णा दोनदा दूध गॅसवर विसरले. दूध मीही विसरते, परंतु माझ्या विसरण्यास घाई म्हणतात आणि त्यांच्या विसरण्यास वय. माझ्या मनात भीती शिरली. मी शाळेत गणित शिकवीत असे. शिक्षकास भीती वाटली की तो तक्ता करतो. मी एक रविवारभर अण्णांच्या मागे पेन्सिल घेऊन हिंडले. कोणत्या खिशातून काय निघते ते टिपले आणि पुठ्ठ्यावर डांगरीची सुबक आकृती काढून खिशांना एक ते नऊ असे क्रमांक दिले. 'क्र. ३ : पेन्सिल. क्र. ५ : ट्रंकेची किल्ली. क्र. ६ : सुतळी, पेपरमिंट.' खाली वळणदार सही करून तक्ता त्यांच्या खाटेजवळ टांगला.

अण्णांनी तो चष्मा लावून वाचला. क्रमांक पाचपाशी ते जरा थबकले.

"सुमे, यात एक..."

"अण्णा, शंका शेवटी विचारायच्या," मी म्हणाले. (वर्गात हे वाक्य उच्चारले की तास वेळेवर संपतो.)

आता मुख्य प्रसंग. आमची मृण्मयी, म्हणजे मनू, इंजिनियर झाली आणि तिला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. आमच्या दोन्ही घराण्यांत संगणकास हात लावणारी ती पहिली! सोमवारी रुजू व्हायचे. कंपनीची बस सात वाजून वीस मिनिटांनी चौकात येणार. पत्रात ठळक अक्षरांत लिहिले होते : मूळ गुणपत्रिका दाखविल्याखेरीज रुजू करून घेतले जाणार नाही. त्या गुणपत्रिका कुठे होत्या? ट्रंकेत. "कपाटाला वाळवी लागते, लोखंडाला नाही," असे सांगून अण्णांनीच त्या महिन्यापूर्वी तिथे ठेवल्या होत्या.

सोमवारी पावणेसात वाजता अण्णा डांगरी चढवून, पॉलिश केलेले बूट घालून, नातीला बसपर्यंत पोहोचविण्यास सज्ज होते.

"आजोबा, माझी फाइल काढता?"

अण्णांनी कमरेशी उजवीकडे हात घातला. हात तिथेच राहिला.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"किल्ली नाही."

मी तक्ता भिंतीवरून उतरवला. संकटकाळी पद्धत सोडू नये, असे मी मुलांना सांगत आले होते.

"क्रमांक एक!"

"हजर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी छातीवरचा खिसा उलटा केला. सेफ्टी पिना, फ्यूजची तार, सुईदोरा.

"क्रमांक दोन!"

दोनमधून मनूचा बालवाडीतला फोटो निघाला. पुढचे दोन्ही दात पडलेले.

"आजोबा! हा अजून आहे तुमच्याकडे?"

"फोटो नंतर!" मी ओरडले. "सात वाजले! क्रमांक चार!"

चारमधून लिंबू निघाले. सहामधून पेपरमिंट. सातमधून पुन्हा लिंबू. टेबलावर एक छोटे दुकान मांडले गेले. त्यात किल्ली सोडून सर्व काही होते.

"कुलूप तोडू या," यजमान म्हणाले. "हातोडी कुठंय?"

"ट्रंकेत," अण्णा म्हणाले.

यजमानांनी काही क्षण ट्रंकेकडे पाहिले. "मग छिन्नीही तिथेच असेल, नाही का?"

"हो. तेल लावून."

मनू रडवेली झाली. "आई, बस गेली तर? पहिल्याच दिवशी काय सांगू? आजोबांच्या खिशात डिग्री अडकली म्हणून?"

अण्णा खाटेवर बसले. मला त्यांचे तसे बसणे ठाऊक नव्हते. ते नेहमी काठावर, ताठ बसत.

"सुमे," ते हळू म्हणाले, "मी खरंच विसरायला लागलोय का गं? हात तर तिथेच जातो. हात चुकत नव्हता कधी."

अशा वेळी शिक्षक पुन्हा तपासणी करतो.

"थांबा, पाच मी बघते," असे म्हणून मी त्यांना उभे केले आणि क्रमांक पाचमध्ये हात घातला. हात मनगटापर्यंत गेला. कोपरापर्यंत गेला. मग माझ्या बोटांना अण्णांचा गुडघा लागला.

"अहो, खिसा फाटलाय!"

"फाटला नाही," अण्णा म्हणाले. "तो खिसाच नाही."

"मग काय आहे?"

"फट. गाडीखाली पडल्या पडल्या आतल्या पँटच्या खिशात हात घालता यावा म्हणून शिवलेली. किल्ली पँटच्या खिशात असते. हेच सांगत होतो त्या दिवशी, तू म्हणालीस शंका शेवटी."

मी क्षीण आवाजात विचारले, "आणि आत पँट...?"

सर्वांची दृष्टी गच्चीच्या दोरीकडे गेली. अण्णांच्या दोन्ही पँटी तिथे निथळत होत्या. काल सकाळी अण्णांना डांगरीखाली नुसत्या आखूड चड्डीवर ठेवून त्या एकदम भिजत घालणारी आणि रात्री उशिरा वाळत टाकणारी व्यक्ती मीच होते. (धुण्याचेही वेळापत्रक असते.)

यजमान गच्चीवर धावले आणि बाह्या भिजवून परतले. "खिशात काही नाही. साबण मात्र पुष्कळ आहे."

"काल दुपारी ट्रंक लावून किल्ली नेहमीसारखी आत टाकली," अण्णा आठवून म्हणाले. "पँट नव्हती हे हाताला कुणी सांगितलंच नाही."

"मग ती खाली गेली असणार," मी गणिती चेहऱ्याने म्हणाले. "आणि डांगरीचे पाय तर तुम्ही बुटात खोचता..."

अण्णा एकदम थांबले. "कालपासून उजव्या टाचेला टोचतंय खरं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, वय झालं."

यजमानांनी जमिनीवर बसून सासऱ्यांचा बूट ओढला. (विवाहानंतर प्रथमच!) किल्ली टण्कन फरशीवर पडली. सात वाजून बारा मिनिटे झाली होती. ट्रंक उघडली, फाइल निघाली आणि मनू धावली. तिच्या मागे एका पायात बूट व एका पायात मोजा अशा अवस्थेत अण्णा धावले. बस मिळाली. मनूने खिडकीतून हात हलवला, तेव्हा तिच्या गालात पेपरमिंट होते.

संध्याकाळी शाळेतून आले तर तक्ता पुन्हा भिंतीवर होता. माझ्याच पर्समधल्या लाल पेनाने तो तपासला गेला होता. क्रमांक पाचवर फुली. कोपऱ्यात गुण : नऊपैकी आठ. त्याखाली शेरा : 'मुलगी हुशार आहे, पण विचारत नाही.'

आणि तळाशी, जी आणली नाही म्हणून मी कित्येक मुलांना वर्गाबाहेर उभे केले असेल, ती पालकांची सही.