उलटी पात

आमच्या पोखर्णीच्या शिवारात खुरपणीला सरजाबाईचा हात मोठा मानायचे. बाया रांगेनं बसल्या की एकेकीच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात. पहिली पात सरजाबाईची. ती पुढं सरकायची आणि मागं नुसती काळी माती उरायची. हरळी तर तिच्या तावडीतून सुटायचीच नाही. वरचं गवत कुणीबी उपटतं. सरजाबाई जमिनीखाली पसरलेल्या काशा बोटानं चाचपायची, गोधडीतून दोरा ओढावा तशी अख्खी लांब मुळी ओढून काढायची आणि बांधावर उन्हात वाळत टाकायची. एखाद्या वावरात हरळी लय माजली की मालक म्हणायचा, सरजाला बोलवा.

मग पाठीवरचे पंप आले. तणनाशक मारलं की दोन माणसांत अख्खं वावर पिवळं पडतं. सरजाला बोलवा म्हणणारे कमी झाले. टोळीतल्या बाया ओट्यावर बसून राहू लागल्या.

तेवढ्यात परभणीच्या योगिनी मॅडमची खबर आली. मॅडम बगिच्याच्या कामाचे गुत्ते घ्यायच्या. बंगला असो, शाळा असो, दवाखाना असो, आता सगळ्यांनाच दारात हिरवळ पाहिजे. पण ती करणारी माणसं पुण्याहून आणावी लागत, ती चार दिवसांत वैतागून माघारी जात. मॅडमनी ठरवलं, इथल्याच बाया शिकवून तयार करायच्या. त्यांच्या नर्सरीच्या शेडात वर्ग सुरू झाला आणि सरजाबाईची टोळी ऑटोत कोंबून परभणीला जाऊ लागली. मोठी कात्री कशी धरायची, मेंदीचं कुंपण दोरी लावून सरळ कसं कापायचं, फांदी कोंबाच्या डोळ्याच्या वर तिरपी कशी छाटायची, सगळं सरजाबाईला जमलं. लॉनचा दिवस आला तेव्हा मात्र मॅडमनी पुढं ठेवलेला हिरव्या गवताचा ट्रे बघून शेजारची सविता वाकली, बोटानं चाचपलं आणि हसायला लागली.

"अगं माय, ही तर हरळी हाय. हिच्यासाठी इतक्या लांब आलो व्हय आमी?"

मॅडमनी समजावलं की ही बारीक पानाची जात आहे, लोक हिच्यावर संध्याकाळी बसतात, लेकरं लोळतात. मग एकेक काडी सगळ्यांच्या हातात दिली आणि मातीत टोचायला सांगितली. सरजाबाईनं काडी घेतली, मुळी चाचपली आणि खांद्यावरून मागं फेकून दिली. मॅडमनी उचलून परत दिली. तीबी मागं गेली. बाया पोट धरून हसत होत्या आणि सरजाबाई आपल्या हाताकडं असं बघत होती, जणू तो शेजारणीचा आहे.

पहिलं मोठं काम मिळालं आबासाहेबांचं. जिंतूर रोडला त्यांनी नवं मंगल कार्यालय बांधलं होतं, पुढं वावराएवढी मोकळी जागा. आबासाहेब जुने शेतकरी. बाया बघून त्यांनी मॅडमला बाजूला घेतलं. "ह्यांचा सगळा जन्म हरळी मारण्यात गेलाय, मॅडम. ह्यांच्याच हाती तुमी हरळी द्यायलाव?"

बोलणं असं ठरलं की लॉन बायांनी लावायचं. तुळशीचं लग्न झालं की कार्यालयात पहिलं लग्न होतं. तोवर हिरवं दिसलं तर बारा महिन्यांची निगा ह्याच टोळीकडं, वर सुपरवायझर सरजाबाई. नाही तर पुण्याची माणसं. बारा महिने काम म्हणजे काय, ते ओट्यावर बसलेल्या बाईलाच कळतं. सरजाबाईनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, पण ही जागा तिला पाहिजे होती.

श्रावणात जमीन खोदली, खडे वेचले, शेणखत मिसळलं, रूळ फिरवला. काड्या टोचल्या. बाया गोणपाटावर बसून टोचत, आणि सरजाबाईच्या मागं सविता नजर ठेवून असे. काडी मागं फेकली गेली की सविता गपचूप उचलून टोचायची. भाद्रपद सरता सरता जमिनीवर हिरवी साय धरली. सकाळी दव पडलं की ती जागा जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखी दिसायची. बगळे यायचे, कडेला उभे राहायचे, आत पाय टाकत नव्हते.

मग त्यात लव्हाळा वर आला. खत घातलं की तो येतोच. मॅडमनी त्याचं एक रोप हातात धरून दाखवलं, हे तीन धारेचं खोड ते काढायचं, बाकी सगळं ठेवायचं, आणि त्या दुसऱ्या कामावर गेल्या. बाया रांगेनं बसल्या. सरजाबाईनं पहिली पात धरली.

ऊन चांगलं पडलं होतं. सुरुवातीला बोलणं चाललं, कुणाची सून नांदायला आली, कुणाची गेली. मग ते पातळ होत गेलं आणि थांबलं. खुरपणीत असं होतं. हात जागे राहतात, माणूस झोपी जातं. डोळे उघडेच, पण समोरचं दिसत नाही. सरजाबाईला शेजारच्या पातीवर तिची आई दिसली. मरून लय वर्षं झालेली आई. डोक्यावर टापर, मान खाली, आपली पात पुढं न्यायलीय. पलीकडं पूर्णा नदीचं पाणी, पाण्याच्या पलीकडं कापसाची पराटी, तिच्या पलीकडं पुन्हा पाणी. लहानपणी आईच्या पुढं पात न्यायची ही एकच हौस असायची. सरजाबाईनं खुरपं नेटानं चालवलं. मातीतून पांढऱ्या काशा सरसर निघायला लागल्या, लांबच लांब, त्यांना शेवटच नव्हता. आई मागं पडायली. लय हलकं वाटत होतं.

पहिल्या पातीवरची जे काढील ते बाकीच्यांनी काढायचं, हा खुरपणीचा रिवाज. सवितासुद्धा मान खाली घालून काढत होती, कुणी विचारलं नाही.

आबासाहेबांचा खाकरण्याचा आवाज आला तेव्हा सरजाबाई फाटकापासून पार स्टेजपर्यंत पोचली होती. तिनं मागं वळून बघितलं. हिरव्या लॉनच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढा काळा पट्टा पडला होता. एक काडी शिल्लक नव्हती. माती मऊ, सपाट, पेरणीला तयार. काय झालं ते कळण्याअगोदर क्षणभर तिला ते बघून बरंच वाटलं.

आबासाहेब पट्ट्याच्या कडेला उभं राहून बघत होते. "वावर असतं तर लुगडं दिलं असतं, बाई," ते म्हणाले. "काम लय साफ केलंस."

ते रागावले नाहीत हेच वाईट होतं. फोनवर मॅडमला म्हणाले की आता पुण्याच्या माणसांना सांगून ठेवतो. मॅडम धावत आल्या. सरजाबाई उठून लिंबाखाली गेली. उपटलेल्या काशांचा ढीग सावलीत पडला होता. तिनं त्यावर पाण्याची बादली उपडी केली.

"जीव हाय यांच्यात," ती आबासाहेबांना म्हणाली. "मी काढल्या, मीच लावते. लग्नापर्यंत थांबा."

आबासाहेब हो म्हणाले नाहीत, नाहीबी म्हणाले नाहीत. गाडीत बसून गेले.

त्याच दिवशी काशा पुन्हा टोचल्या. पण खरी भीती पुढचीच होती. लव्हाळा पुन्हा येणार, आणि हात तेच. मॅडमनी तिला हातमोजे घालून बघितले, खुरपं काढून घेतलं. मान खाली गेली, बोलणं थांबलं, की बोटं काशा शोधायला लागायची. दोन दिवस सरजाबाई कामाला आली आणि नुसती कडेला बसून बाकीच्यांची पात बघत राहिली. मग उठली, पुढं काढायच्या लव्हाळ्याकडं पाठ केली आणि काढून झालेल्या जागेकडं तोंड करून बसली.

"पुढं जाताना मागं काय उरलं ते दिसत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "शेतात मागं बघायचं कामच नसतं. इथं उरलेलंच बघायचंय."

आणि ती मागं मागं सरकत लव्हाळा काढू लागली. काढलेली जागा डोळ्यांपुढं, हिरवीच्या हिरवी. हात चुकला की लगेच काळं दिसायचं. सविता म्हणाली, आता खेकड्यावानी चालायचं राह्यलं होतं, तेबी झालं. पण पहिल्या पातीवरची जशी, तशा बाकीच्या. सगळी रांग उलटी सरकू लागली. सरजाबाईला आई पुन्हा दिसली नाही. उलट्या पातीवर बसणं तिच्या आईला माहीत नव्हतं.

पट्टा आधी तांबूस, मग पोपटी झाला. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात मांडववाले सामान उतरवत होते. लॉनमधला खोलगट भाग उभ्यानं कळत नाही, गाल जमिनीला लावून बघावं लागतं, हे मॅडमनी शिकवलेलं. सरजाबाई पट्ट्याच्या जागी आडवी झाली, एक डोळा मिटला. दुसराबी मिटला. गार गवत, वर कोवळं ऊन. ती घोरायला लागली.

आबासाहेब आले ते तिच्यापाशीच. सविता उठवायला धावली, त्यांनी हातानं थांबवलं.

"हिनं कुटं उपटलं व्हतं, ते दाखवा," त्यांनी हळू आवाजात मॅडमला विचारलं.

मॅडमनी बघितलं. फाटकापासून स्टेजपर्यंत चालून आल्या. त्यांनाच जागा सापडेना. आबासाहेब वाकले, तळहात गवतावरून फिरवला, उठले.

"मंग ऱ्हाऊ द्या ह्यांनाच," म्हणाले आणि मांडववाल्यांकडं गेले.

सरजाबाई जागी झाली तेव्हा गालावर गवताची बारीक जाळी उमटली होती. तिनं पदर सावरला आणि घाबरून विचारलं, आबासाहेब आले व्हते का.

"आले अन् गेले बी," सविता म्हणाली. "तुला सुपरवायझर करून गेले."

ही चेष्टा करायलीय, असं समजून सरजाबाईनं तिला एक शिवी दिली. मग उकिडवी बसली, खुरपं घेतलं आणि उरलेला लव्हाळा काढत मागं मागं सरकू लागली.